पंडिता रमाबाई आणि अनेकार्थी शब्द : एका भाषांतरकर्तीचे चरित्र

हडपसरहून सोलापूर रस्त्याने पूर्वेस निघाले की लोणी, उरुळी, यवत ही गावे मागे पडतात आणि चौफुल्याहून आत वळले की केडगाव लागते. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पतसंस्थांच्या पाट्यांवर ‘सोनेतारण कर्ज’ ही अक्षरे ठळकपणे दिसतात. ‘तारण’ म्हणजे कर्जापोटी गहाण ठेवलेली वस्तू. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत मात्र हाच शब्द पापापासूनच्या सुटकेसाठी रूढ आहे. हडपसरच्या आमच्या वर्गात भाषांतराचा विषय निघाला की हे उदाहरण मी प्रथम देतो. विद्यार्थी हसतात आणि मग गंभीर होतात. कारण दुष्काळात जमीन तारण ठेवून बसलेल्या कुणब्याच्या मुलीला उपासनामंदिरात हा शब्द प्रथम ऐकताना काय वाटले असेल, हा प्रश्न विनोदाचा राहत नाही. केडगाव येथे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अशाच मुलींच्या सहवासात राहून एका विदुषीने मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांमधून संपूर्ण बायबल मराठीत आणले. पंडिता रमाबाईंच्या चरित्रातील हे काम वाङ्मयेतिहासात एखाद्या वाक्यापुरतेच येते. त्यांच्या सामाजिक कार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यांच्या प्रवासवर्णनाकडेही अलीकडे अभ्यासकांचे लक्ष गेले आहे. भाषांतरकर्ती रमाबाई मात्र धर्मप्रसाराच्या कप्प्यात बंद राहिल्या. प्रस्तुत लेखात त्यांचे चरित्र शब्दार्थाच्या प्रश्नाच्या अनुरोधाने मांडण्याचा प्रयत्न आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित. पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांना स्वकीयांचा रोष पत्करावा लागला होता. रमाबाईंचे शिक्षण आईच्या तोंडून झाले. पुढे कुटुंबाची सारी मालमत्ता गेली आणि तीर्थयात्रा व पुराणवाचन हाच चरितार्थाचा मार्ग उरला. देवळाच्या मंडपात, नदीच्या घाटावर किंवा झाडाखाली बसून हे कुटुंब पोथी वाचत असे. श्रोते फळ, धान्य, पैसा ठेवून जात.

या पुराणवाचनासंबंधी रमाबाईंनी उत्तरायुष्यात, १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनपर साक्षीत, एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. तिच्याकडे भाषांतराच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावयास हवे. पुराणिक जे वाचतो ते संस्कृत असते आणि ऐकणाऱ्याला ते कळत नाही. कळावे अशी अपेक्षाही नसते. अर्थ सांगण्याचे बंधन पुराणिकावर नाही. तो सांगेल किंवा सांगणार नाही. आणि सांगू लागला तर श्रोत्यांना रिझविण्यासाठी मूळात नसलेले पुष्कळ काही जोडील. पवित्र ध्वनी कानी पडणे हेच पुण्य. म्हणजे ज्या वयात इतर मुले अर्थासह भाषा शिकतात, त्या वयात ही मुलगी न कळणाऱ्या श्रोत्यांपुढे हजारो श्लोक म्हणत होती. तिला स्वतःला मात्र ते कळत होते. ग्रंथ आणि श्रोता यांच्यामधली ही दरी तिने आतून पाहिली होती. माझ्या मते केडगावच्या भाषांतराचे बीज कोणत्याही मिशनरी प्रेरणेपेक्षा या घाटावरच्या अनुभवात अधिक आहे.

संस्कृत शिक्षणाच्या परिपाठात शब्दाचे अनेकार्थत्व हा दोष मानला जात नाही. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग हा स्वतंत्र विभागच आहे आणि श्लेष हा अलंकार आहे. एका शब्दातून दोन अर्थ निघाले तर पंडित आनंदतो. भाषांतरकाराला मात्र त्याच क्षणी घाम फुटतो. रमाबाईंच्या आयुष्याचा पूर्वार्ध पहिल्या प्रकारचा आणि उत्तरार्ध दुसऱ्या प्रकारचा आहे.

१८७४ च्या सुमाराच्या दुष्काळी वर्षांत आईवडील गेले. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास पायी देशभर हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितसभेने त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्याच कलकत्त्यात एका ख्रिस्ती मेळाव्यात या भावंडांना बायबलची प्रत भेट मिळाली. ती संस्कृत भाषांतराची होती! दोघांनी ती वाचून पाहिली; परंतु त्या संस्कृताचे वळण त्यांना परिचित असलेल्या ग्रंथांच्या संस्कृताहून इतके निराळे होते की वाचन पुढे सरकेना. प्रत मात्र रमाबाईंनी जपून ठेवली. या प्रसंगाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. शब्द सारे ओळखीचे, व्याकरण ओळखीचे, तरीही मजकूर परका. ज्यांनी ते भाषांतर केले त्यांनी संस्कृत शब्दांना नवे अर्थ दिले होते. वाचणाऱ्या पंडितेच्या मनात मात्र त्या शब्दांचे जुने अर्थ घट्ट बसलेले होते.

१८८० मध्ये श्रीनिवास यांचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. सिल्चर येथील घरात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली आणि ती त्यांनी आवडीने वाचली. संस्कृत बायबल बाजूला राहिले आणि बंगाली पुस्तिका वाचली गेली, हा भेद पुढील कार्याच्या दृष्टीने बोलका आहे. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली. १८८२ च्या आरंभी पतीचे पटकीने निधन झाले. चोविसाव्या वर्षी वैधव्य घेऊन त्या पुण्यास आल्या.

पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना, हंटर आयोगापुढील साक्ष आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक, हे सारे १८८२ मधले. या पहिल्या पुस्तकाची मराठी संस्कृतप्रचुर आहे. जन्माने मराठी असूनही मराठीच्या मुलखाबाहेर वाढलेल्या पंडितेची ती भाषा आहे. पुस्तकाच्या नावातील ‘धर्म’ या शब्दावर क्षणभर थांबले पाहिजे. येथे त्याचा अर्थ कर्तव्य, आचार असा आहे. इंग्रजी अंमलात हाच शब्द ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू अशा वेगवेगळ्या पंथांचा वाचक म्हणून वापरला जाऊ लागला होता. पुढील वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांनी ‘धर्म’ सोडला असा बोभाटा झाला. सोडला तो कोणत्या अर्थाचा धर्म? त्यांच्या टीकाकारांनी हा प्रश्न विचारला नाही. रमाबाई मात्र शाकाहार, पेहराव आणि राहणी यांबाबत जुन्या वळणाच्याच राहिल्या. एका शब्दाच्या दोन अर्थांतून एक मनुष्य कसा चिरडला जातो, याचे उदाहरण मराठी सार्वजनिक जीवनात याहून स्पष्ट सापडणे कठीण.

इंग्लंडमधील वास्तव्यात भाषेचा आणखी एक वाद उद्भवला. वाँटेजच्या भगिनीसंघात गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. जी भाषा आपल्या देशबांधवांना कळत नाही ती आपण अंगावर का वागवावी, आणि अगम्य भाषाच हवी असेल तर लॅटिनमध्ये असे काय आहे जे संस्कृतात नाही, अशी रमाबाईंची हरकत होती. संघातील ज्येष्ठ भगिनींना हा अहंकार वाटला. आज ते पत्रव्यवहार वाचताना जाणवते की हा वाद घाटावरच्या पोथीचाच होता; फक्त पोथीची भाषा बदलली होती. १८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात संस्कृत शिकवीत आणि स्वतः शिकत होत्या. वैद्यक शिकण्याचा मूळ बेत कानांच्या वाढत्या दुखण्यामुळे सोडावा लागला होता. याच काळात इंग्रजी बायबलची सुधारित आवृत्ती पुरी झाली : नवा करार १८८१ मध्ये, जुना करार १८८५ मध्ये. १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांनी एका मूळ शब्दाला सर्वत्र एकच इंग्रजी शब्द वापरण्याचे बंधन आपण मानले नाही असे प्रस्तावनेत सांगून टाकले होते. सुधारित आवृत्तीच्या विद्वानांना हे सैल वाटले आणि शक्य तेथे एका शब्दास एक प्रतिशब्द असे त्यांचे धोरण राहिले. भाषांतराचा हा जुना तंटा इंग्लंडात ताजा होता तेव्हाच रमाबाई तेथे होत्या.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथील तीन वर्षांचा वृत्तान्त इतरत्र सविस्तर आला आहे. येथे एवढेच सांगणे पुरे की १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अमेरिकावर्णनाची मराठी ‘स्त्रीधर्मनीति’पेक्षा पुष्कळ मोकळी झाली आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, १८९० मध्ये ते पुण्यास आले आणि १८९३ मध्ये सदनातील मुलींवरील धर्मप्रभावावरून वाद पेटून रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागारपद सोडले. सरस्वतीचे नाव धारण करणाऱ्या या घराने ‘धर्मनिरपेक्ष’ असावे अशी अपेक्षा होती. तेथेही भांडण ‘धर्म’ शब्दाचेच.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्यप्रांतात जाऊन निराधार मुली व विधवा आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध आल्यावर बिऱ्हाड केडगावच्या माळावर हलले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या. या वसाहतीस त्यांनी ‘मुक्ती’ हे नाव दिले. हा शब्द निवडणारी स्त्री वेदान्त जाणणारी होती, हे विसरता कामा नये. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणे हा त्याचा शास्त्रीय अर्थ. पापातून सुटणे हा त्यांना अभिप्रेत असलेला ख्रिस्ती अर्थ. आणि उपाशी, मारहाण सोसून आलेल्या मुलीच्या दृष्टीने सुटका म्हणजे सुटका. हिब्रूतील ‘येशुआ’ हा शब्द या तिसऱ्या अर्थाला सर्वांत जवळचा आहे : शत्रूपासून बचाव, अडचणीतून मोकळे होणे, युद्धातील जय, असा त्याचा ऐहिक पाया आहे आणि आध्यात्मिक अर्थ त्यावर उभा आहे. केडगावातील मुलींना तो पाया समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

मराठीत बायबल आणण्याचे प्रयत्न रमाबाईंच्या जन्मापूर्वीच सुरू झाले होते. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आरंभ केला, अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत नवा करार १८२६ मध्ये छापला आणि १८४७ पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत आले. पुढील सुधारणांमध्ये बाबा पदमनजींसारख्यांचा हात होता. परंतु या कामात मिशनऱ्यांना साहाय्य करणारे शास्त्री-पंडित आपल्या सवयीची भाषा घेऊन आले आणि ग्रंथास संस्कृताचा भारदस्तपणा चढला. रमाबाईंची तक्रार दुहेरी होती. एक, ही भाषा मुक्तीतील बायकांना कळत नाही. दोन, संस्कृत शब्दांबरोबर त्यांच्या पाठीवरच्या देवदेवता आणि दर्शने येतात. दुसरी तक्रार करण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला नव्हता. त्या पाठीवरचे ओझे त्यांना मुखोद्गत होते. १९०५ च्या आसपास त्यांनी मुळापासून नवे भाषांतर हाती घेतले, त्यासाठी हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला आणि हिब्रूच्या व्याकरणावर मराठीत पुस्तकही लिहिले.

हिब्रू भाषा महाराष्ट्राला अपरिचित होती असे मात्र समजू नये. कोकणातील बेने इस्राएल समाज ती उपासनेत पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आला. जॉन विल्सन यांनी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे १८३२ मध्येच मराठीत मांडली. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. खुद्द पुण्यात १८७४ मध्ये वल्हांडण सणाची हग्गादा हिब्रू व मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली. या परंपरेत आणि रमाबाईंच्या कामात एक मूलभूत फरक आहे. बेने इस्राएलांच्या पुस्तकात मूळ हिब्रू शेजारीच असते; मराठी शब्दाने एकच अर्थ उचलला तरी उरलेले अर्थ हिब्रूत सुरक्षित राहतात. मुक्तीतील वाचकांपुढे मराठीखेरीज काहीच नव्हते. मराठीत जे आले नाही ते त्यांच्यापुरते नाहीसेच झाले.

या कामात अडचण कोठे येते ते काही शब्दांवरून पाहू. रमाबाईंच्या मुद्रित पाठाची स्थळवार चिकित्सा हा स्वतंत्र विषय आहे. येथे हेतू त्यांच्या मेजावरचा प्रश्न समजून घेण्याचा आहे.

हिब्रूतील ‘रुआह’ म्हणजे वारा, श्वास आणि आत्मा. यहेज्केलाच्या ग्रंथातील सदतिसाव्या अध्यायात सुकलेल्या अस्थी जिवंत होतात तेथे हे तिन्ही अर्थ एकामागून एक येतात आणि कथेचा सारा जोर ते तीन नसून एकच आहेत यावर आहे. इंग्रजीने तीन शब्द वापरून हा जोर घालविला. मराठीतही वारा, दम, आत्मा असे तीन शब्द करावे लागतात. संस्कृतज्ञाला येथे एक सोय आहे : ‘प्राणवायू’. आपल्या शास्त्रांत पंचप्राण हे वायूच आहेत, म्हणजे वारा आणि जीवन यांचा सांधा संस्कृतात अखंड आहे. परंतु तो शब्द उचलला की योग आणि आयुर्वेद त्यासोबत येणार. ज्या पंडितेला ही सोय सर्वांहून अधिक ठाऊक, तिनेच ती नाकारण्याचे ठरविले होते. याला त्याग म्हणावे की आडमुठेपणा, यावर दुमत होऊ शकते.

‘नेफेश’ची गोष्ट उलट आहे. इंग्रजीच्या वळणाने गेलेला भाषांतरकार तेथे ‘आत्मा’ लिहून मोकळा होतो. पण वेदान्ताचा आत्मा जन्मत नाही, मरत नाही. हिब्रूचे नेफेश मरते. गणनेच्या ग्रंथात तर प्रेताच्या संदर्भातही हा शब्द आला आहे. घसा, भूक, वासना, प्राण, स्वतः मी, कोणीही प्राणी, असे त्याचे अर्थ आहेत. मराठीत यासाठी घरगुती शब्द तयार आहे : ‘जीव’. जीव जातो, जीव घेतात, जीव लावतात, जीव तुटतो, गर्भार स्त्री दोन जिवांची असते आणि किड्यामुंगीलाही आपण जीवच म्हणतो. हिब्रू आणि मराठी यांची अशी गाठ पडावी हे भाग्य. बोलीची मराठी शास्त्रीय मराठीपेक्षा मुळाला अधिक जवळ असू शकते, ही रमाबाईंची धारणा येथे पुराव्यानिशी खरी ठरते.

‘दावार’ म्हणजे शब्द आणि वस्तू किंवा प्रकरणही. मराठी ‘गोष्ट’ त्यातील बरेच अंतर कापते. गोष्ट सांगतात आणि गोष्ट घडतेही. वैयाकरणाला येथे ‘पदार्थ’ आठवेल, पदाचा अर्थ म्हणून वस्तू. अर्थात देवाच्या वाणीला ‘गोष्ट’ म्हणण्याचे धाडस कोण करील?

‘शालोम’साठी ‘शांती’ हा शब्द सर्वमान्य झाला आहे. परंतु दावीद राजा उरीयाला युद्धाचा शालोम विचारतो असे शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात आहे. युद्धाची शांती कशी विचारणार? मूळ अर्थ पूर्णता, क्षेम, ठीकठाक असणे हा आहे आणि तेथे ‘खुशाली’ सहज बसते. एका शब्दास एक प्रतिशब्द हे धोरण अशा ठिकाणी कोसळते. प्रत्येक ठिकाणी निराळा शब्द घालावा तर वाचकाला कधीच कळत नाही की मुळात तो एकच होता.

सर्वांत गुंतागुंतीचे क्रियापद ‘पाकाद’. त्यात मोजणे, भेटीस येणे, आठवण ठेवणे, जाब विचारणे, शिक्षा करणे हे सारे आहे. देव सारेला ‘पाकाद’ करतो आणि तिला मूल होते. देव अपराध्यांना ‘पाकाद’ करतो आणि ते नष्ट होतात. इंग्रजीत यासाठी भेट देण्याचा शब्द वापरल्यामुळे इंग्रजी कानालाही तो विचित्र झाला. मराठीत मात्र आपण आजाऱ्याचा समाचार घेतो आणि चोराचाही समाचार घेतो. हजेरी घेणे म्हणजे मोजणी आणि हजेरी घेणे म्हणजे खरडपट्टी. मूळ क्रियापदाचे दोन्ही टोकांचे अर्थ पेलणारे वाक्प्रचार आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. अडचण इतकीच की ते धर्मग्रंथाच्या गांभीर्याला मानवत नाहीत. लोकांच्या भाषेत ग्रंथ आणावयाचा म्हणणाऱ्यालाही ती भाषा किती खाली उतरू द्यावी याचा निर्णय करावाच लागतो.

ईयोबाच्या ग्रंथातील एक स्थळ मराठी स्त्रीवाचकाच्या दृष्टीने विशेष आहे. देवाला शाप देणे हे शब्द लिहिण्याचे धाडस न झाल्याने तेथे हिब्रूत ‘आशीर्वाद देणे’ हे क्रियापद योजले आहे. अर्थ नेमका उलटा घ्यावयाचा. बहुतेक भाषांतरकार उलटा अर्थच सरळ लिहितात. पण आपल्याकडे फुटलेली बांगडी ‘वाढते’, मंगळसूत्र ‘वाढविले’ जाते. अमंगल उच्चारू नये म्हणून मंगल शब्द वापरण्याची ही रीत शारदा सदनातील प्रत्येक बालविधवेने स्वतःच्या मनगटावर अनुभवली होती. ज्या शब्दाने वृद्धी सांगावयाची त्यानेच आपले सर्वस्व गेल्याचे सांगितले जाते, हे तिला टीपेशिवाय कळले असते. रमाबाईही त्यांतल्याच एक होत्या.

‘एलोहीम’ या ईश्वरवाचक शब्दाचे रूप अनेकवचनी असून त्याला एकवचनी क्रियापद लागते. तोच शब्द इतरांच्या देवांनाही लागतो. मराठीत ‘देव’ हे एकवचनातही देव आणि अनेकवचनातही देव. आदरार्थी अनेकवचनाने गोंधळ आणखी वाढला असता. मराठी ख्रिस्ती भाषेने येथे एकवचनी क्रियापद पत्करले. ज्या समाजात मास्तरांनाही अनेकवचन लागते तेथे ईश्वराला एकेरी संबोधणे कठीण. परंतु आपले संत विठोबाला एकेरीच हाक मारीत आले, त्यामुळे ते खपून गेले असावे.

रमाबाईंचे भाषांतर शब्दनिष्ठ म्हणून ओळखले जाते आणि त्यात वाक्ये अवघडतात अशी टीका होत आली आहे. टीका निराधार नाही. सोपा शब्द आणि शब्दनिष्ठा या दोन आग्रहांचे नेहमीच जुळते असे नाही. शब्द सोपे राहतात आणि वाक्य परके होते, कलकत्त्यात त्यांनी बाजूला ठेवलेल्या संस्कृत बायबलासारखे. पण पर्यायी मार्गही निर्दोष नव्हता. मुळातील अनेकार्थी शब्द संदर्भानुसार फोडून सांगू लागले की भाषांतरकार पुराणिक होतो : कोणता अर्थ श्रोत्याला द्यावयाचा हे तोच ठरवितो. घाटावरच्या पुराणिकाने केलेली भर ज्यांना लहानपणापासून खटकत होती, त्या रमाबाईंनी शब्दाला चिकटून राहणे पसंत केले, हे मला तरी स्वाभाविक वाटते. हा कल त्यांचा एकट्याचा नव्हता. अमेरिकेतील ज्युलिया स्मिथ यांनी १८७६ मध्ये एकट्याने केलेले संपूर्ण बायबलचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले होते. तेही मूळ भाषांवरून आणि एका शब्दास एक प्रतिशब्द या तत्त्वावर. (रमाबाई या संपूर्ण बायबल भाषांतरित करणाऱ्या जगातील पहिल्या स्त्री, हे विधान आपल्याकडे अनेकदा केले जाते, ते या कारणाने टिकत नाही. त्यामुळे त्यांच्या कामाचे मोल कमी होते असेही नाही.) जर्मनीत मार्टिन बूबर आणि फ्रांझ रोझेन्झ्वाइग यांनी १९२५ मध्ये आरंभिलेल्या भाषांतरातही मूळ शब्दाची पुनरावृत्ती जपण्याचा आग्रह आहे.

केडगावच्या छापखान्यात खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतची कामे मुक्तीतील स्त्रिया करीत. दुष्काळात उचलून आणलेल्या, येताना अक्षरशत्रू असलेल्या मुली हे मुद्रण करीत होत्या. नवा करार आधी छापून झाला. जुन्या कराराचे काम लांबले. रमाबाईंना आता जवळजवळ ऐकू येत नव्हते, प्रकृती खालावली होती आणि एवढ्या मोठ्या वसाहतीचा कारभार डोक्यावर होता. तो कारभार जिच्या हाती सोपवावयाचा ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी आईच्या आधी गेली. त्यानंतरचे महिने रमाबाईंनी मुद्रिते तपासण्यात घालविले. शेवटची मुद्रिते हातावेगळी होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी त्यांची प्रार्थना होती आणि ते काम संपताच त्या गेल्या, असे मुक्तीत परंपरेने सांगितले जाते. मृत्यूची तारीख ५ एप्रिल १९२२.

संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. चर्चमधून बायबल सोसायटीचाच पाठ चालू राहिला आणि रमाबाईंचा पाठ मुख्यतः मुक्तीशी संबंधित मंडळींपुरता राहिला. मराठी विभागांनीही तो ख्रिस्ती वाङ्मय म्हणून वगळला. वस्तुतः एकोणिसाव्या शतकातील संस्कृत पांडित्यातून आलेली व्यक्ती बोलीच्या मराठीकडे कशी गेली, हे ‘स्त्रीधर्मनीति’, अमेरिकावर्णन आणि बायबल ही तीन पुस्तके शेजारी ठेवून शब्दशः दाखविता येईल. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधिकेसाठी एवढेच करावे : पाकाद, नेफेश आणि शालोम ही तीन हिब्रू पदे जेथे जेथे येतात ती स्थळे घ्यावीत, बायबल सोसायटीचा पाठ एका बाजूस आणि केडगावचा दुसऱ्या बाजूस मांडावा आणि प्रत्येक स्थळी कोणता मराठी शब्द आला याची नोंद करावी. केडगावची गाडी हडपसर स्थानकावरूनच जाते.